निकालाआधीची जिलेबी

लातूरला खोली शोधत हिंडताना घरमालक आम्हाला आधी आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की कुणाकडे अचानक पाहुणे यायचे असायचे, कुणाचं छत गळत असायचं. पावसाचा थेंब नसलेल्या वर्षी एवढी छतं कशी काय गळतात, याचं मला मोठं नवल वाटायचं. अप्पांनी आडनाव विचारलंच नाही. रिकाम्या गोठ्याच्या दारात हातात खराटा घेऊन ते उभे होते. त्यांनी मला बघितलं, माझ्या नवऱ्याला बघितलं आणि म्हणाले, "कधी कोणत्या स्पर्धेत भाग घेतला का?"

मी म्हटलं, न्हाई. नवऱ्यानं शाळेत असताना पोत्याच्या शर्यतीत पळाल्याचं सांगितलं.

"नंबर?"

"मधीच पडलो जी."

"पडला म्हंजे पळत होता," अप्पा म्हणाले. "खोली तुमची. सामान आणा."

जिल्हा तेव्हा नवा झाला होता. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे खुर्च्या आल्या आणि खुर्च्यांमागे आमच्यासारखी माणसं आली. माझं माहेर नांदेडजवळच्या लोहा गावचं. नवरा नांदेडला सरकारी जीपवर ड्रायव्हर होता, तो बदलून लातूरला आला. नव्या जिल्ह्यात सगळं आलं, पाणी तेवढं आलं नाही. टँकर आला की गल्लीतली भांडणं टँकरच्या आधी पोचायची.

अप्पा मूळचे देवणीकडचे. बोलताना मधेच एखादा कानडी शब्द टाकायचे, आणि राग आला की सगळंच कानडी व्हायचं. त्यामुळे त्यांनी मला कधी शिव्या दिल्या असतील तर त्या मला आजवर कळलेल्या नाहीत. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. बैठकीच्या एका भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या आणि उरलेल्या तीन भिंतींवर अप्पांची प्रमाणपत्रं, काचेत घालून. जनावरांचं प्रदर्शन, पीक स्पर्धा, भजन स्पर्धा, सुंदर अक्षर, काय म्हणाल ते. त्यातलं एकही पहिल्या नंबरचं नव्हतं. दुसऱ्याचंही नव्हतं. सगळीकडे शब्द एकच, उत्तेजनार्थ. अक्का म्हणायच्या, "लग्नात मी बी ह्यांना उत्तेजनार्थच मिळाले."

स्पर्धा कुठलीही असो, अप्पांना चालायची. गुटगुटीत बालक स्पर्धा निघाली तेव्हा घरात बालक नव्हतं, तर ते शेजारणीचं पोरगं कडेवर घेऊन रांगेत उभे राहिले. शेजारीण मागून ओरडत आली तोवर पोराचं वजन झालं होतं. दुष्काळाच्या त्याच साली कुणी तरी परसबागेची स्पर्धा काढली. अप्पांकडे भांडी घासलेल्या पाण्यावर जगवलेलं एक वांग्याचं झाड होतं. परीक्षक आले, झाड बघितलं आणि म्हणाले, "बाकीचं कुठंय?" अप्पा म्हणाले, "बाकीचं पुढल्या साली. तुमी यायचं मात्र सोडू नका." त्याचंही प्रमाणपत्र भिंतीवर लागलं.

आणि जिलेबी. निकालाच्या दिवशी अप्पा निकाल लागायच्या आधी जिलेबी आणायचे आणि सगळ्यांना खायला लावायचे. मी एकदा विचारलं, "अप्पा, लोक नंबर आल्यावर पेढे वाटतात, तुमचं उलटंच काऊन?" ते म्हणाले, "निकालानंतरची जिलेबी परीक्षकाची, माय. आधीची आपली. आपण केलं त्याची." आणि बोटांचा पाक चाटून निकाल ऐकायला निघाले. त्या दिवशी काहीच मिळालं नाही, उत्तेजनार्थही नाही. घरी येऊन त्यांनी शांतपणे उरलेली जिलेबी संपवली.

हे सगळं वेड सुरू झालं होतं बैलापासून. अप्पांचा एक देवणी बैल होता, वानेरा. वानेरा म्हणजे अंग पांढरंफेक आणि तोंड बाजूंनी काळं. दर साली अप्पा त्याला प्रदर्शनाला न्यायचे. दर साली पहिला नंबर दुसऱ्याच बैलाचा. मग दुष्काळात चारा मिळेना तेव्हा सीमेपलीकडे ऊस असलेल्या एका ओळखीच्या गावी त्यांनी वानेरा देऊन टाकला. अक्का सांगायच्या, देऊन आले त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गोठा झाडला. तेव्हापासून रोज झाडत होते. गोठ्यात जनावर नव्हतं, शेण नव्हतं, काडी नव्हती, तरी झाडत होते. मी एकदा म्हटलं, बैल न्हाई तर प्रदर्शनाचा एवढा सोस कशाला. तर खराट्यावर हात ठेवून ते म्हणाले, "प्रदर्शनाला न्यायचा म्हंजे काय करायचं? त्याला धुवायचं, शिंगं घासायची, तेल लावायचं, आन मग लांब उभं ऱ्हाऊन बघायचं. रोज चारा टाकताना बैल दिसत न्हाई, माय. टोपली दिसती."

आता माझं सांगते, कारण माझ्याशिवाय अप्पांची ही गोष्ट पुरी होत नाही.

नवऱ्याच्या जीपची छागल फाटली होती. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. जीपच्या बाजूला टांगली की वारा लागून आतलं पाणी गार होतं. आता प्लास्टिकच्या बाटल्यांमुळे कुणाला आठवतही नाही, पण त्या दुष्काळात साहेब लोक रोज दौऱ्यावर, आणि छागलीशिवाय जीप हलायची नाही. बाजारातली लवकर गळायची. मी मोंढ्यातून, म्हणजे मोठ्या बाजारपेठेतून, कॅनव्हासचा तुकडा आणला, दाभण घेतलं, दोऱ्याला मेण लावलं आणि हातानं शिवली. ती टिकली. मग दुसऱ्या ड्रायव्हरनं मागितली, मग तिसऱ्यानं. मग मोंढ्यातले एक सेठ आले आणि म्हणाले, जेवढ्या शिवाल तेवढ्या मला द्या. खोलीत जागा पुरेना तेव्हा अप्पांनी गोठा उघडून दिला. मी गोठ्यात बसून शिवायचे आणि सेठ त्या नेऊन त्यावर आपला पोपटाचा शिक्का मारायचे. गावभर पोपट छाप छागलीचं नाव झालं. मला वाटायचं, बरं झालं, आपल्याला कुठं नाव पाहिजे.

कुणी विचारलं, बाई तुम्ही काय करता, तर मी म्हणायचे, "घरीच असते." हातात दाभण असताना म्हणायचे.

पाडव्याच्या आधी सेठ येऊन म्हणाले, "बाई, गोठ्यात कशाला बसता? माझ्या गोदामात या. आणखी बाया लावतो, त्यांना शिकवा. तुम्हाला रोजंदारी देतो." गोष्ट वाईट नव्हती. पण एकदा गोदामात गेले की मी रोजावरची बाई, आणि छागल कायमची सेठची. हे मला आतून कळत होतं, आणि हो म्हणायला तोंड उघडतही होतं. मी म्हटलं, पाडवा झाल्यावर सांगते.

त्याच आठवड्यात अप्पा बातमी घेऊन आले. नव्या जिल्ह्याच्या उद्योग कचेरीनं लहान उद्योजकांसाठी पुरस्कार जाहीर केला होता. परीक्षक जागेवर येऊन काम बघणार होते. अप्पांचे डोळे वानेरा दावणीला परत आल्यासारखे चमकत होते.

"अर्ज देऊन आलो."

"कुणाचा?"

"तुझा."

"अप्पा, मी काय उद्योजक हाय का?"

"न्हाईस," ते म्हणाले. "म्हून तर आजपासून तयारी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मी पोत्यात पळालो होतो. तू बी पळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा लग्नातला काळा कोट घालून गोठ्यात आले. त्या उन्हात कोट. पालथी बादली मांडून तिच्यावर बसले आणि परीक्षक झाले.

"नमस्कार. आपण काय करता?"

"घरीच असते."

"मग हे कोण शिवून राहिलंय? आमची अक्का?"

अक्का आतून म्हणाल्या, "मला सुईत दोरा ओवता येईना झालाय. माझं नाव घेऊ नका."

मला हसू आलं. अप्पांना आलं नाही. त्यांनी मला गोठ्याबाहेर पाठवलं आणि पुन्हा आत यायला सांगितलं. मी आले. "मान वर," म्हणाले. "परीक्षक तुझ्या पायाकडं बघत न्हाईत, तू काऊन बघती?" पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मी वैतागून म्हटलं, "अप्पा, मी बैल न्हाई."

"बैल असतीस तर कवाच शिकली असतीस."

असं रोज चाललं. शिवताशिवता ते विचारायचे आणि शिवताशिवता मी उत्तर द्यायचे. मेण कशाला? दोऱ्याच्या भोकातून पाणी येऊ नये म्हणून. मशीन का नाही? जाड कापडात घरच्या मशीनची सुई मोडते म्हणून. पहिल्यांदा मी एकेक शब्द बोलायचे, मग वाक्य यायला लागलं, मग अक्का म्हणायला लागल्या की आता हिला आवरा कुणी तरी. अप्पांना उत्तर पटलं नाही की ते पायानं बादली वाजवायचे. मला बादलीचा राग यायचा. स्वयंपाक करताना सुद्धा मी मनातल्या मनात त्या बादलीला उत्तरं देत असायचे.

एक दिवस त्यांनी विचारलं, "हा कोपरा असा आत दुमडायचं कुणाकडून शिकलीस?"

बाजारातल्या छागलीचे कोपरे कापून जोडलेले असायचे आणि तिथंच त्या गळायच्या. मी कापड कापत नव्हते, पाकिटासारखं आत दुमडून शिवत होते. मी सहज म्हटलं, "कुणाकडून न्हाई. गळत होतं म्हून करून बघितलं. असं केल्यावर गळेना."

आणि बोलता बोलता माझं दाभण थांबलं. म्हणजे हे मी शोधलं होतं की. वर्षभर रोज तेच करत होते आणि मला माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि अप्पांसमोर रडू आलं म्हणून राग आला. अप्पांनी बादली वाजवली नाही. फक्त म्हणाले, "पुढचा प्रश्न."

परीक्षक यायच्या दिवशी मी सकाळीच माझ्या चांगल्या मुरलेल्या छागली भरून गोठ्याच्या खुंट्यांना टांगल्या आणि साडी बदलायला घरात गेले. तेवढ्यात अप्पांनी घात केला. मुरलेल्या छागलीवर डाग असतात, धुळीचा रंग बसतो. अप्पांना ते बघवेना. प्रदर्शनाला घाण अंगाचा बैल नेतात का? त्यांनी जुन्या सगळ्या काढल्या, त्यातलं पाणी नुकत्याच शिवून झालेल्या कोऱ्या करकरीत छागलींमध्ये ओतलं, त्या टांगल्या आणि प्रत्येकीला झेंडूचं फूल लावलं. आता कोरा कॅनव्हास पहिल्या दिवशी गळतोच. पाणी पिऊन त्याचा धागा फुगतो, विणीतल्या फटी बुजतात, तेव्हा कुठं तो पाणी धरतो. हे मला माहीत होतं, अप्पांना नव्हतं. इतक्या दिवसांत त्यांनी मला सगळं विचारलं, नेमकं हेच विचारलं नव्हतं.

कचेरीचे साहेब, बँकेचे एक मॅनेजर आणि कॉलेजातल्या एक मॅडम, असे तिघं जीपमधून उतरून गोठ्यात आले. मान वर करून मी मागोमाग आले, आणि बघते तर सगळ्या छागली टपटप गळत होत्या. एक तर धारेनं. ती नेमकी साहेबांच्या डोक्यावर होती. पण साहेब बाजूला झाले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून धारेखाली धरली. मॅडमनी पर्स खाली टाकून माझं घमेलं ओढलं. अक्का घागर घेऊन धावल्या, मॅनेजर दुसऱ्या धारेखाली लोटा धरून उभे राहिले. टँकरच्या दिवसांत पाणी वाया चाललेलं कुणाला बघवत नव्हतं, मग तो साहेब असो की कोण.

"अप्पा," मी म्हटलं, आणि मला ते तिघं दिसेनासेच झाले. "कोरी छागल टांगली तुमी? कोरी टांगतात का? न भिजवलेल्या कापडात पाणी ऱ्हाईल का? तीन येळा भिजवावं, वाळवावं लागतं. इतके दिवस बादली वाजवली, हे एक इचारायचं होतं की मला."

अप्पांनी एका छागलीवरचं झेंडूचं फूल काढून कोटाच्या खिशात घातलं.

साहेब ओंजळ न सोडता म्हणाले, "मग तुमची मुरलेली छागल कशी असते, ती दाखवा."

मुरलेल्या सगळ्या अप्पांनी रिकाम्या करून ठेवलेल्या. मी इकडेतिकडे बघितलं आणि सरळ बाहेर जाऊन त्यांच्याच जीपची छागल सोडून आणली. धुळीनं माखलेली होती, पण एक थेंब गळत नव्हता. मी पेल्यात पाणी ओतून साहेबांना दिलं. ते प्याले आणि आणखी मागितलं. मग पेला खाली ठेवून छागल फिरवून बघितली.

"पण ही तर पोपट छाप आहे."

मी त्यांच्या हातातून छागल घेतली, कोपरा उलटा केला आणि त्यांच्यासमोर धरला. "पोपट सेठचा आहे, साहेब," मी म्हटलं. "छागल माझी आहे."

मग मी बोलत राहिले. कोपरा, मेण, दाभण, तोंडाचं लाकडी बूच, सगळं. त्यांना दुसरीकडं जायचं होतं आणि मी त्यांना जाऊ देत नव्हते.

निकालाच्या दिवशी अप्पांनी रिवाजाप्रमाणे जिलेबी आणली. पण स्वतःची उचलेनात. "मी तुझा बैल बिघडवला, माय," म्हणाले. मी त्यांच्या हातात जिलेबी ठेवली आणि म्हटलं, "आधीची आपली असती, तुमीच म्हणता ना. खा गपचिप." पुरस्कार एका डाळ मिलवाल्याला मिळाला. उत्तेजनार्थ होता तो खारी-बिस्किटवाल्याला मिळाला. माझं नाव कुणी घेतलं नाही. घरी येताना मी वाट बघत होते की आता वाईट वाटेल, आता वाटेल. वाटलंच नाही. मला राहून राहून साहेबांची ओंजळ आठवत होती आणि हसू येत होतं.

पाडवा झाल्यावर सेठ आले. मी म्हटलं, गोदामात येत नाही. आणि छागल पाहिजे असेल तर शिक्का माझा लागेल. सेठ वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच हसू आलं. "बाई, तुमच्या नावाची छागल कोण घेईल?" मी म्हटलं, "जे पोपटाची घेतात तेच घेतील. गार पाणी पोपट करत न्हाई." सेठ गेले. मग काही दिवस गोठ्यात कुणीच फिरकलं नाही. चूक केली, असं मला रोज संध्याकाळी वाटायचं. सकाळी पुन्हा दाभण घ्यायचे. मग एके दिवशी परीक्षकांची तीच जीप गोठ्यासमोर थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, सगळ्या तालुक्यांच्या जीपला लागतील. कोपरा दुमडलेल्याच पाहिजेत म्हणाले."

आज नांदेडला माझं कॅनव्हासचं दुकान आहे. पिशव्या, ताडपत्र्या, मंडपाचं कापड. दर वर्षा-दोन वर्षांनी कुठल्या तरी पुरस्काराला अर्ज भरते. एकदोनदा मिळालाही. दुकानातल्या बायकांना निकालाच्या आधी जिलेबी कशाला, हे अजून कळलेलं नाही, पण खातात.

पण मला सांगायचंय ते त्या वेळचं. जीप येऊन गेल्यावर मी ठसा कोरणाऱ्याकडे गेले आणि लाकडी ठसा करून घेतला. पहिल्या छागलीवर तो उमटवला, वाळू दिला, आणि जिलेबीचा पुडा घेऊन अप्पांच्या ओसरीवर गेले. पुडा बघून अप्पा दचकले.

"आज कसला निकाल हाय?"

"आधी खा."

त्यांनी खाल्ली. अक्कांनी खाल्ली. अप्पांनी धोतराला बोटं पुसली, तेव्हा मी छागल पुढे केली. वर माझं नाव होतं, आणि खाली वानेरा. पांढऱ्या कॅनव्हासवर काळ्या शाईचं तोंड अगदी नेमकं उतरलं होतं.

अप्पा ती घेऊन उजेडात गेले. मग बैलाच्या शिंगावरून बोट फिरवत म्हणाले, "डावं शिंग बारीक झालंय."

"ठसेवाल्यानं वानेरा कुठं बघितलाय, अप्पा."

"हाव. दिसतंय ते."

अक्का म्हणाल्या, "अवो, आज तरी पहिला नंबर द्या पोरीला."

अप्पांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही. "पहिला दिला तर पुन्हा कशाला येईल ती?" म्हणाले. माझ्याकडे वळून अगदी परीक्षकाच्या आवाजात त्यांनी निकाल सांगितला, "उत्तेजनार्थ." मग छागल घेऊन गोठ्यात गेले, पाण्यानं भरली आणि वानेऱ्याच्या दावणीवरच्या खुंटीला टांगली. कोरीच होती ती. खाली घमेलं ठेवायला मात्र या वेळी विसरले नाहीत.